वावराचा ‘अवॉर्ड’ लागला, म्हणजे नेमकं काय झालं?

कोतवाल घरी येऊन एक जाड पाकीट देऊन जातो. आतल्या कागदावर ‘भूसंपादन प्रकरण क्रमांक’ असतो आणि त्याखाली ‘अवॉर्ड दिनांक’. म्हातारा पोराला म्हणतो, "काहाचा अवॉर्ड भेटला म्हणते हे, वाच बरं." पोरगा शिकलेला असतो, पण त्याला अवॉर्ड म्हटलं की स्नेहसंमेलनातली ढाल आठवते. मग चावडीवर जो तो आपापला अर्थ सांगतो. कोणी म्हणतं पैसे मंजूर झाले, कोणी म्हणतं जमीन गेली, कोणी म्हणतं आता सही केली की काम संपलं. तिन्ही अर्थ थोडे बरोबर आणि बरेचसे चूक आहेत.

विदर्भात हा शब्द नवा नाही. वैनगंगेवर पवनीजवळ गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली, तेव्हापासून भंडारा, नागपूर, चंद्रपूरच्या गावांत तो ऐकू येतो. समृद्धी महामार्गाने तो वर्धा, अमरावती, वाशीम, बुलडाण्यात नेला. आता शक्तिपीठ महामार्गाच्या मोजणीच्या बातम्यांमुळे वर्धा-यवतमाळकडच्या वावरांतही तो पुन्हा फिरतो आहे.

शब्दाचं मूळ: निरखून दिलेला निर्णय

इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. तिथे त्याचा अर्थ नीट निरखून, तपासून निर्णय देणं असा होता. बक्षीस हा अर्थ नंतर चिकटला, कारण परीक्षकही तपासूनच बक्षीस कोणाला ते ठरवतात. कायद्याच्या इंग्रजीने जुना अर्थ सोडला नाही. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: निवाडा. तांदूळ निवडणं आणि निवाडा एकाच घरातले. खडे बाजूला, दाणे बाजूला, आणि कोणाच्या सुपात किती गेले ते सांगायचं.

सरकारी मराठी कागदावरही ‘निवाडा’च छापलेलं असतं. तरी बोलताना सगळे अवॉर्डच म्हणतात, आणि तिथेच घोटाळा होतो. बक्षीस नाकारायचं नसतं, त्यावर भांडायचं नसतं, जेवढं मिळालं तेवढं घ्यायचं असतं. निवाड्यावर मात्र भांडता येतं, आणि त्यासाठी दिवस मोजून दिलेले असतात.

हाच शब्द आणखी तीन-चार कागदांवर भेटतो, ते आधीच वेगळे करू. अपघाताच्या दाव्यात मोटार अपघात न्यायाधिकरण देतं तोही अवॉर्ड. तो कमी वाटला तर उच्च न्यायालयात अपिलाला ९० दिवस. लोकअदालतीत तडजोड झाली की निघतो तोही अवॉर्ड. तो दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून बँकेच्या थकबाकीसाठी लोकअदालतीत सही करताना आकडा दोनदा वाचावा. टेंडरवाल्यांचं ‘काम अवॉर्ड झालं’ म्हणजे ठेका कोणाला ते ठरलं. आपला विषय पहिल्यापासून वावराचा, म्हणून पुढे अवॉर्ड म्हणजे भूसंपादनाचा निवाडा.

निवाड्याआधी काय काय होऊन गेलेलं असतं

सध्याचा कायदा २०१३ चा, १ जानेवारी २०१४ पासून लागू. त्याआधी १८९४ चा इंग्रजी अमलातला कायदा होता. नव्या कायद्यात कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना ही महत्त्वाची खूणगाठ. तुमच्या जमिनीची बाजारातली किंमत त्या दिवसाची धरतात, निवाड्याच्या दिवसाची नाही. कापूस बाजार समितीत लिलाव लागला त्या दिवसाचा भाव मिळतो, चेक वटला त्या दिवसाचा नाही, तसंच. या अधिसूचनेवर हरकत घ्यायला ६० दिवस मिळतात.

मग संयुक्त मोजणी होते, म्हणजे भूमी अभिलेखचा भूकरमापक, महसूलवाले आणि प्रकल्पवाले एकत्र शिवारात येतात. पुढे कलम १९ ची घोषणा. तिच्यापासून १२ महिन्यांत निवाडा झाला नाही, तर सरकारने मुदत वाढवून घेतल्याशिवाय सगळी कारवाई रद्द होते. मधे कलम २१ ची नोटीस येते: तुमचा हक्क काय, मागणी किती, ते सांगा. या नोटिसीला उत्तर न देणारे शेतकरी बरेच. "सायब येऊन पाहून गेले, त्यांना दिसतेच ना" असं म्हणून ती कोनाड्यात ठेवली जाते. साहेबाला विहीर दिसते, पण निवाड्यात विहीर येते ती कागदावरून.

आकडा कसा बनतो

निवाड्याची खरी आतडी इथे आहेत, म्हणून जरा थांबून पाहू.

पहिला भाग बाजारमूल्य. दोन आकडे काढतात: मुद्रांक शुल्काच्या तक्त्यातला दर, ज्याला आपण रेडीरेकनर म्हणतो, आणि जवळच्या परिसरात आधीच्या तीन वर्षांत नोंदलेल्या तशाच जमिनींच्या खरेदीखतांची सरासरी. ही सरासरी सगळ्या खतांची नसते. समजा आठ खरेदीखतं झाली, तर सगळ्यात जास्त भावाची चार घेऊन त्यांची सरासरी काढायची. दोन्हींपैकी जो आकडा मोठा तो धरतात. खासगी किंवा भागीदारीतल्या प्रकल्पात संमतीने ठरलेली रक्कम हा तिसरा आकडा असतो.

आपलीच एक सवय इथे अंगावर येते. मुद्रांक वाचवायला खरेदीखतात किंमत कमी दाखवायची आणि उरलेले पैसे वेगळे द्यायचे. शिवारात वर्षानुवर्षं असंच झालं असेल, तर ‘जास्त भावाची चार खतं’ही कमी भावाचीच निघतात. मग रेडीरेकनरच मोठा ठरतो आणि खऱ्या बाजारभावाचा पुरावा कोणाकडेच नसतो.

दुसरा भाग गुणांक. ग्रामीण भागात बाजारमूल्याला १ ते २ मधल्या आकड्याने गुणायचं असं कायदा सांगतो. कोणता आकडा ते राज्य सरकार अधिसूचनेने ठरवतं, आणि महाराष्ट्रात तो वेळोवेळी बदलला आहे. शेजारच्या गावात २ मिळाला म्हणून तुम्हालाही २ मिळेलच असं नाही. निवाड्यात कोणता आकडा घेतला आणि कोणत्या अधिसूचनेने, ते वाचावं.

तिसरा भाग जमिनीला जोडलेल्या वस्तू: विहीर, बोअर, पाइपलाइन, कोठा, सागाची झाडं, संत्र्याची बाग.

चौथा भाग दिलासा रक्कम, जिला सगळे सोलेशियम म्हणतात. जमीन मनाविरुद्ध जाते म्हणून वरच्या तिन्हींच्या बेरजेइतकीच आणखी रक्कम, म्हणजे १०० टक्के. जुन्या कायद्यात ही ३० टक्के होती.

पाचवा भाग बाजारमूल्यावर वर्षाला १२ टक्के. प्रकल्पाचा लोकांवर काय परिणाम होईल त्या अभ्यासाच्या अधिसूचनेपासून (कलम ४) निवाड्यापर्यंत किंवा ताब्यापर्यंत, जे आधी होईल तोवर. भाव आधीच गोठतो, त्याची ही भरपाई.

आता मांडू. एक हेक्टर वावर, बाजारमूल्य २० लाख, गुणांक १, विहीर आणि झाडं ३ लाख. बेरीज २३ लाख. दिलासा २३ लाख. झाले ४६. त्या अभ्यासाच्या अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत दीड वर्ष लागलं, तर २० लाखांवर १२ टक्क्यांनी ३ लाख ६० हजार. एकूण ४९ लाख ६० हजार. गुणांक २ असता तर पहिली बेरीज ४३ लाख आणि दिलाशासह ८६ लाख झाली असती, १२ टक्के वेगळे. आणि विहीर निवाड्यात सुटली तर तोटा विहिरीच्या किमतीच्या दुप्पट, कारण तिच्यावरचा दिलासाही जातो.

कुठे चुकतं आणि का

सगळ्यात महाग चूक ओलिताची. वावरात विहीर आहे, मोटर आहे, तूर-हरभरा पाण्यावर निघतो, पण सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नाही. मग वावर कोरडवाहू धरलं जातं आणि दर तिथेच पडतो. संत्र्याचंही तसंच. वरुड-मोर्शीकडे झाडाचं मोल त्याच्या वयावर आणि फळावर ठरतं, पण पीक पाहणीत ‘संत्रा’ऐवजी ‘पडीत’ लागलेलं असेल तर वाद सुरू. उपाय साधा आहे: संयुक्त मोजणीच्या दिवशी स्वतः वावरात उभं राहायचं, झाडं मोजून घ्यायची, पंचनाम्यात आकडे लिहून घ्यायचे आणि कोऱ्या किंवा अर्धवट तक्त्यावर सही करायची नाही. विजेचं बिल, पंपाच्या जोडणीचा कागद, पीक कर्जाचा दाखला हे सगळे ओलिताचे पुरावे चालतात.

दुसरी चूक नावाची. बाप जाऊन दहा वर्षं झाली, फेरफार झालाच नाही. निवाडा मेलेल्या माणसाच्या नावाने निघतो आणि पैसे अडकतात. बहिणींची नावं वारसात नसली, तर त्या हक्काने हरकत घेतात, आणि हिस्स्याचा वाद मिटेपर्यंत रक्कम प्राधिकरणाकडे, म्हणजे भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, जमा राहते. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा सातबाऱ्यावर असेल, तर तोही आधी बोलतो. भोगवटादार वर्ग २ ची जमीन असेल, तर ती कोणत्या अटीवर मिळाली होती त्याचा कागद शोधून ठेवावा.

तिसरी चूक आकड्यांची: गट नंबर, आर, नावातलं एखादं अक्षर. यासाठी कोर्टात जायची गरज नाही. लेखनाची किंवा हिशेबाची चूक असेल, तर निवाड्यापासून ६ महिन्यांच्या आत कलम ३३ खाली जिल्हाधिकारी ती दुरुस्त करू शकतात. साध्या कागदावर अर्ज, सोबत सातबारा आणि मोजणीची नक्कल.

घर गेलं असेल किंवा पोट त्याच जमिनीवर असेल, तर दुसरा निवाडाही असतो, पुनर्वसनाचा. पहिला जमिनीचा, दुसरा कुटुंबाचा. पहिल्याची नक्कल आली म्हणून दुसऱ्याची विचारपूस थांबवू नये. या नकलांसाठी फी लागत नाही, कलम ९६ तसं स्पष्ट सांगतं. त्याच कलमाने या रकमेवर आयकर आणि मुद्रांक शुल्कही नाही.

"पैसे उचलले की भांडायचा हक्क जाते म्हणते, खरं का?"

अर्धं खरं. मुकाट्याने उचलले तर जातो. कायद्याचे शब्द असे आहेत की ज्याने विरोध न नोंदवता रक्कम घेतली, त्याला वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करता येत नाही. म्हणून पैसे घ्यायचे, पण विरोध राखून घ्यायचे. पावतीवर किंवा वेगळ्या अर्जात असं लिहावं: "ही रक्कम मी मोबदल्याबाबत विरोध राखून स्वीकारत आहे. वाढीव मोबदल्यासाठी कलम ६४ खाली अर्ज करण्याचा माझा हक्क कायम आहे." रक्कम थेट खात्यात येणार असेल, तर बँक तपशील देतानाच हा अर्ज जोडावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. शिक्का नसलेली प्रत म्हणजे घरात ठेवलेला रद्दी कागद.

पैसे न घेता बसून राहण्यात मात्र काही शहाणपण नाही. तुम्ही घेतले नाहीत, तर ते प्राधिकरणाकडे जमा होतात आणि प्रकल्प पुढे सरकतो. पूर्ण मोबदला दिल्याशिवाय ताबा घ्यायचा नाही हे खरं, पण रक्कम जमा झाली की सरकार आपलं देणं दिलं असंच म्हणतं.

इथे एक फरक नीट कळायला हवा. समृद्धीसाठी बऱ्याच जमिनी वाटाघाटीने, सरळ खरेदीखताने घेतल्या गेल्या. त्यात निवाडा नसतो. तुम्ही स्वखुशीने विकलं असं धरतात, म्हणून नंतर कलम ६४ ची वाट उघडत नाही. त्या बदल्यात भाव वाढवून देतात आणि पैसे लवकर येतात. कोणता रस्ता बरा हे आकडा पाहून ठरवावं. पण ‘संमतीपत्र’ असं डोक्यावर लिहिलेला कागद कोणत्या रस्त्याचा आहे, हे सही करण्याआधी विचारलंच पाहिजे.

मुदत: घड्याळ कधी सुरू होतं

निवाडा झाला तेव्हा तुम्ही किंवा तुमचा माणूस हजर होता, तर अर्जाला निवाड्यापासून ६ आठवडे. हजर नव्हता, तर नोटीस मिळाल्यापासून ६ आठवडे किंवा निवाड्यापासून ६ महिने, यातलं जे आधी संपेल ते. पुरेसं कारण दाखवलं तर जिल्हाधिकारी पुढे एक वर्षापर्यंत उशिराचा अर्ज घेऊ शकतात. त्या भरवशावर राहणं म्हणजे मृग कोरडा गेल्यावर आर्द्रेवर डाव लावणं.

जुन्या कायद्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच दोन कामाच्या गोष्टी सांगून ठेवल्या आहेत. एक, अधिकाऱ्याचा निवाडा हा खरं तर सरकारच्या वतीने दिलेला प्रस्ताव असतो. म्हणजे तो मोबदल्याचा शेवटचा शब्द नव्हे. दोन, निवाड्याची तारीख म्हणजे कार्यालयात सही झाली तो दिवस नाही, तर संबंधिताला तो कळला किंवा कळू शकला तो दिवस. म्हणून पाकीट फेकू नये. टपालाचा शिक्का, कोतवालाने घेतलेल्या सहीची तारीख, सगळं जपून ठेवावं. उशिरा कळलं हे सिद्ध करायला तेवढंच हाताशी असतं.

कलम ६४ चा अर्ज

अर्ज संपादन करणाऱ्या अधिकाऱ्याकडेच द्यायचा, बहुधा उपविभागीय अधिकारी किंवा भूसंपादन अधिकारी. वाद कशाचा ते त्यात लिहायचं: क्षेत्रफळ कमी धरलं, रक्कम कमी, पैसे चुकीच्या माणसाला, वाटणी चुकली किंवा पुनर्वसनाचे हक्क नाकारले. नुसतं ‘मोबदला अल्प आहे’ असं लिहून चालत नाही. विहीर सुटली, ३५ संत्र्याची झाडं मोजली नाहीत, अमुक खरेदीखत धरलं नाही, असं नावानिशी लिहावं.

अधिकाऱ्याने तो ३० दिवसांत प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो फाइलीत पडून राहिला, तर तुम्हाला थेट प्राधिकरणाकडे जाता येतं. त्याच्या निर्णयावर उच्च न्यायालयात अपिलाला ६० दिवस. विदर्भाचं काम नागपूर खंडपीठात. वाढीव रक्कम मिळाली, तर तिच्यावर ताब्यापासून पहिलं वर्ष ९ टक्के आणि पुढे १५ टक्के व्याज. खटला लांबला की शेतकऱ्याचं नुकसान होतंच, पण सरकारचंही मीटर पळत असतं.

"वकिलात अर्धे पैसे जातात" ही तक्रार खोटी नाही. पण जिंकलेल्या रकमेच्या टक्केवारीवर फी ठरवणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच मना आहे. कोणी तसा करार पुढे केला, तर सही करू नये. बाया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्नाचे यांना तालुका विधी सेवा समितीकडून फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात अर्ज करायचा.

राष्ट्रीय महामार्ग असला तर?

नागपूर-हिंगणघाट किंवा अमरावती-अकोला रस्त्यासारख्या राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन गेली, तर १९५६ चा वेगळा कायदा लागतो. रक्कम ‘सक्षम प्राधिकारी’ ठरवतो, आणि ती पटली नाही तर कलम ६४ नाही, लवादाकडे जायचं. अर्जावर चुकीचं कलम टाकल्यामुळे कागद इकडून तिकडे फिरण्यात महिने जातात, म्हणून नोटिसीच्या वरच्या ओळीत कोणता कायदा लिहिलाय ते आधी पाहावं. पूर्वी या महामार्गाच्या जमिनींना दिलासा रक्कम आणि व्याज देत नसत. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते द्यावं लागेल असं सांगितलं. कोळसा खाणीसाठी गेलेल्या जमिनीचा १९५७ चा आणखी वेगळा कायदा आहे. मोबदल्याची मोजणी मात्र २०१५ पासून या कायद्यांनाही २०१३ च्या हिशेबानेच लागते.

"आमचा अवॉर्ड जुना आहे, आम्ही तेव्हा गप्प बसलो"

गोसीखुर्दसारख्या जुन्या प्रकल्पात हे बरेच जण म्हणतात. संपादन जुन्या कायद्याने सुरू झालं, पण १ जानेवारी २०१४ पर्यंत निवाडा झालेला नव्हता, तर मोबदला नव्या कायद्याने मोजायचा. निवाडा आधीच झाला असेल, तर हिशेब जुनाच. पैसे दिले नाहीत म्हणून जुनं संपादन आपोआप रद्द होतं, असं गावोगाव सांगितलं जायचं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ते खोडलं: ताबाही घेतला नाही आणि मोबदलाही दिला नाही, दोन्ही गोष्टी असतील तरच संपादन रद्द होतं.

नव्या कायद्यात गप्प बसलेल्यांसाठी एक फट ठेवली आहे, ती कलम ७३ ची. एकाच प्राथमिक अधिसूचनेतल्या शेजाऱ्याने प्राधिकरणात भांडून भाव वाढवून घेतला, तर स्वतः अर्ज न केलेला शेतकरीही त्या वाढीव दराने मोबदला मागू शकतो. मुदत प्राधिकरणाच्या त्या निकालापासून ३ महिने, नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा करून. शेजारी हे स्वतःहून सांगेलच असं नाही. धुऱ्यावरून त्याच्याशी बोलणं बंद असेल, तर त्याच्या प्रकरणाचा नंबर आणि पुढची तारीख तरी तलाठ्याकडून नाहीतर वकिलाकडून काढून ठेवावी.